स्वस्त तिकीट आणि पायलटची झोप

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजतासुद्धा दोन विषयांवर चर्चा रंगू शकते. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा म्हणजे घरी जायचं तिकीट. भाजीवर बोलून काही उपयोग नाही हे आपण पहिल्याच सेममध्ये शिकलो. म्हणून आज तिकिटावर लिहितोय.

माझं गाव वर्धा. निगडीहून वर्धेला जायचं म्हणजे ट्रेन नाहीतर ट्रॅव्हल्स. ट्रेनचं वेटिंग सबमिशन संपायच्या आधीच शंभरी गाठतं आणि दिवाळी आली की ट्रॅव्हल्सवाले दर दुप्पट-तिप्पट करतात. रात्रभर गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसायचं आणि सकाळी घरी पोचल्यावर आईने विचारायचं, "आजारी आहेस का रे?"

सेकंड इयरला असताना एका रात्री अकरा वाजता बाबांचा फोन आला. "आजीचं काही खरं नाही. जमलं तर निघ." सगळ्या ट्रॅव्हल्स केव्हाच सुटल्या होत्या. रूममेटने मोबाईल काढला. पहाटेचं नागपूरचं विमान, साडेचार हजार रुपये. माझ्या खात्यात अकराशे होते. बाकीचे पैसे मजल्यावरच्या पोरांनी दहा मिनिटांत गोळा केले. पहाटे तीनला रिक्षाने लोहगाव गाठलं, सव्वा-दीड तासात नागपूर आणि तिथून एसटीने वर्धा. दहाच्या आत मी आजीच्या उशाशी होतो. तिने मला ओळखलं, "जेवला का?" म्हणून विचारलं. संध्याकाळी ती गेली. ट्रॅव्हल्सची वाट बघितली असती तर थेट मसणवट्यात पोचलो असतो.

तेव्हापासून कोणी "स्वस्त विमान म्हणजे श्रीमंतांचे चोचले" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण या लेखाचा विषय तेवढाच नाही. आजीचं सगळं आटोपल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांनी विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यात अजून बसलाय. आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. विमान कसं असतं, आतून कसं दिसतं, यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "इतक्या पहाटेची गाडी... डायवरची झोप झाली होती ना रे बाप्पा?"

मी हसलो होतो. आता हसू येत नाही. का ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास.

आपल्याकडे सामान्य माणसाला विमानात बसवायचं स्वप्न पहिल्यांदा दाखवलं ते एअर डेक्कनने, २००३ साली. सैन्यातून बाहेर पडून शेती केलेले कॅप्टन गोपीनाथ हे तिचे संस्थापक. एक रुपयाचं तिकीट (वर कर वेगळे) ही त्यांची जाहिरात त्या वेळी घरोघरी चर्चेचा विषय झाली होती. आणि त्यांचा ब्रँड कोण, माहितीये? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन! तोच तो चौकड्यांचा कोट आणि धोतर नेसलेला, आयुष्यभर गप्प राहून सगळं बघणारा माणूस. लक्ष्मण शेवटची वर्षं आपल्या पुण्यातच राहिले. त्यांचा हा माणूस लोकलच्या गर्दीतून थेट विमानावर जाऊन बसला.

स्वप्न भारी होतं, हिशोब मात्र जमला नाही. तोट्यातली एअर डेक्कन विजय मल्ल्यांच्या किंगफिशरने घेतली, २००८ मध्ये ती 'किंगफिशर रेड' झाली आणि २०१२ मध्ये खुद्द किंगफिशरच बंद पडली. २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली. २००५ पासून उडणारी वाडिया समूहाची गो-एअर, म्हणजे नंतरची गो फर्स्ट, मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. या सगळ्या पडझडीत एकच कंपनी वाढत राहिली, ती म्हणजे इंडिगो. ऑगस्ट २००६ मध्ये पहिलं उड्डाण, आणि आज देशातल्या दर दहा विमान प्रवाशांपैकी सहाहून जास्त तिचे.

हे जमलं कसं? इथे आपला मेकॅनिकल-प्रॉडक्शनवाल्यांचा विषय सुरू होतो. स्वस्त विमानसेवा हा मार्केटिंगचा फंडा नाही, ती शॉपफ्लोअरची गोष्ट आहे.

मूळ कल्पना अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सची. १९७१ मध्ये टेक्सासमध्ये ती सुरू झाली. चार विमानं होती, पैशाची तंगी आली म्हणून पुढच्याच वर्षी एक विकावं लागलं. पण वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं! उरलेल्या तिघांनी चौघांचं काम कसं केलं? विमान जमिनीवर उभं राहण्याचा वेळ दहा मिनिटांवर आणून. विमान उभं असताना कमावत नाही, खर्च मात्र चालूच असतो. मशीन आयडल राहिलं की सुपरवायझर का ओरडतो, ते आठवा.

इंडिगोने हेच गणित आपल्या मातीत घोटून बसवलं. पहिली दहा वर्षं एकाच जातीची विमानं, एअरबस ए-३२०. त्यामुळे कोणताही पायलट कोणत्याही विमानावर चालतो, सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात, मेकॅनिकला एकच ट्रेनिंग पुरतं. विमान उतरलं की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा निघायला तयार. चढायला शिडीऐवजी उताराचा रॅम्प, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची रांग अडत नाही आणि व्हीलचेअरही सरळ वर जाते. फुकट जेवण नाही. आणि खरेदी घाऊक. पहिलं विमान उडायच्या आधीच, २००५ साली, एकदम शंभर विमानांची ऑर्डर! घाऊक सवलतीत घेतलेली विमानं भाडे कंपन्यांना विकायची आणि तीच भाड्याने वापरायची, म्हणजे भांडवल अडकत नाही.

यातली एकही गोष्ट जादूची नाही. हे सगळं आपल्या सिलॅबसमध्ये आहे. सेटअप टाइम कमी करा, व्हरायटी कमी करा, इन्व्हेंटरी कमी करा, मशीन पळवत ठेवा. चाकणला कुठल्याही व्हेंडरकडे गेलात तर भिंतीवर हेच लिहिलेलं दिसेल. मला साडेचार हजारात आजीपर्यंत पोचवलं ते कोणाच्या उपकाराने नाही, असं सेकंद-सेकंद वाचवणाऱ्या इंजिनीअरिंगने. याचा मला, खरं सांगतो, अभिमान वाटतो.

मग बिघडलं कुठे?

पायलट थकून विमान चालवतात ही तक्रार जुनी होती. म्हणून डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती. आपल्याला वायव्हाची तारीख दोन वर्षं आधी कळली तर आपण काय करू, हा प्रश्न मी इथे टाळतो.

डिसेंबर उजाडला आणि इंडिगोला पायलट पुरेनात. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली आणि तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले. आपल्या लोहगावला तर अजब प्रकार झाला. क्रू नाही म्हणून विमानं जागच्या जागी उभी राहिली आणि त्यांनी पार्किंगच्या जागा अडवल्या. त्यामुळे ज्यांच्याकडे विमानही होतं आणि पायलटही, त्या इतर कंपन्यांच्या फेऱ्यासुद्धा रखडल्या. असेंब्ली लाइनवर एक स्टेशन अडकलं की मागची सगळी लाइन तुंबते, अगदी तसंच. बाकी कंपन्यांची तिकिटं इतकी भडकली की सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली. १००० ते १५०० किलोमीटरला १५,००० रुपये! आणि शेवटी रेटा इतका वाढला की ज्या विश्रांतीसाठी हे नियम केले, त्यातल्याच काहींतून कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. म्हणजे झोप हरली, वेळापत्रक जिंकलं.

जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड केला. चौकशीत जी कारणं निघाली, त्यातलं पहिलं वाचून मी चाटच पडलो. कारण होतं 'ओव्हर-ऑप्टिमायझेशन'. अहो, परीक्षेत ऑप्टिमायझेशनवर आपण पंधरा मार्कांचं उत्तर लिहितो. ते जास्त झालं तर काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

यावर माझं आणि आमच्या विंगमधल्या एका मित्राचं जोरदार भांडण झालं. तो म्हणतो, "स्टँडबाय पायलट म्हणजे बसून पगार. तो पगार तिकिटावर चढणार. तुला स्वस्त पाहिजे की नको? एक काहीतरी ठरव." मुद्दा बिनतोड वाटतो. मीही दोन दिवस गप्प होतो.

मग मला चाकणचं इनप्लांट ट्रेनिंग आठवलं. एका छोट्या कंपनीत आम्ही डाय बदलायचा वेळ चाळीस मिनिटांवरून बारावर आणला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात त्या प्रेसवरच्या एकुलत्या ऑपरेटरला ताप आला आणि प्रेस दीड दिवस बंद. बारा मिनिटांचं कौतुक दीड दिवसात वाहून गेलं. दुसरा माणूस का नव्हता? कारण तो आधीच 'वेस्ट' म्हणून कमी केला होता. आणि गंमत म्हणजे तापातून उठलेल्या त्या दादांनाच सगळे विचारत होते, "काय राव, आत्ताच आजारी पडायचं होतं का?"

माझं म्हणणं इथेच आहे. बीमचं डिझाइन करताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. त्यात लागणारं जादा लोखंड कोणी वाया गेलं असं म्हणत नाही. त्याशिवाय ड्रॉइंगवर सरांची सही होत नाही. मग माणसाची झोप, राखीव माणूस, दोन फेऱ्यांमधली थोडी सैल वेळ हे मात्र आपण वेस्टच्या रकान्यात का टाकतो? रिकामं उभं विमान हे वेस्ट आहे. विश्रांती घेणारा पायलट हे वेस्ट नाही, तो फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे. दोन्हीतला फरक ज्याला कळत नाही तो चांगला इंजिनीअर नाही, नुसता कॅल्क्युलेटर आहे.

आणि हा फॅक्टर एका कंपनीपुरता नसतो, देशालाही लागतो. दहातले सहा प्रवासी एकाच कंपनीवर अवलंबून असतील तर तिला आलेला ताप सगळ्या देशाला येतो. यात इंडिगोने चोरी केली असं नाही. बाकीच्या बुडाल्या, ती टिकली. पण दुसरी-तिसरी कंपनी उभी राहणं आणि विमानतळावर जागा असणं ही सरकारची जबाबदारी आहे. जागेचं दुखणं तर आपल्याला घरचंच. लोहगाव मुळात हवाई दलाचं. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, ते छान चकाचक आहे, पण धावपट्टी तीच. नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगर भागात होणार अशी चर्चा आपल्या सीनियर्सच्या सीनियर्सनी ऐकली, मग २०१६ मध्ये तो पुरंदरला जायचं ठरलं. तिथे ज्यांची शेती जाणार त्यांचा विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय "विकास अडला" म्हणून बोंब मारणंही बरोबर नाही. तोवर लोहगावच्या दाटीतच भागवायचंय.

मग काय करायचं? तिकीट महाग करा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याला ते परवडणारच नाही आणि उद्या दुसऱ्या कोणाची आजी वाट बघत असेल. पण ज्या तिकिटाच्या दरात पायलटच्या झोपेचा खर्च धरलेला नाही, ते तिकीट स्वस्त नव्हतंच. त्याची उधारी होती, आणि ती डिसेंबरमध्ये तीन लाख लोकांनी विमानतळाच्या फरशीवर बसून फेडली. तिकिटामागे शंभर-दोनशे रुपये जादा लागले तर मी आनंदाने देईन. मजल्यावरच्या पोरांकडून आणखी पन्नास-पन्नास गोळा करीन.

आणि मित्रांनो, हे फक्त विमानवाल्यांना सांगून भागणार नाही. वर्ष-दोन वर्षांत आपल्यातले निम्मे जण भोसरी, चाकण, तळेगावच्या कुठल्यातरी शॉपवर स्टॉपवॉच घेऊन उभे असणार. काय 'वेस्ट' आणि काय नाही, हे आपण ठरवणार. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला फर्स्ट शिफ्टला थांबवायचं का, याच्यावर आपली सही असणार. तेव्हा कटिंग चहा पितापिता एवढं आठवा की डिसेंबरमध्ये विमानांनी काही दगा दिला नव्हता. ती सगळी धडधाकट उभी होती.

परवा बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. डीजीसीए, ३६ तास, ४८ तास, ओव्हर-ऑप्टिमायझेशन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं इंग्रजी कायले पाहिजे? मी तर तुले तेव्हाच विचारलं होतं."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी