हमी कोणाला, तारण कोणाचे? कर्जमाफीआधी घरातला सातबारा एकदा काढून बघा

30 जून 2026 ही तारीख सध्या गावोगावी तोंडपाठ झाली आहे. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस बच्चू कडू आणि इतर शेतकरी नेत्यांनी नागपूरजवळ महामार्ग रोखून धरला. मग मुंबईत बैठक झाली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की कर्जमाफीचा निर्णय या तारखेपर्यंत घेऊ. प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. तेव्हापासून सोसायटीच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारातसुद्धा एकच विचारणा चालू आहे, "होणार का हो माफी?"

होईल असे धरून चालू. पण ती कोणाच्या खात्यावर होईल? माफी कर्ज खात्याची होते, कर्ज खाते सातबाऱ्यावरच्या नावाने उघडते, आणि आपल्या कितीतरी घरांत शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसतेच. आधी कर्ज मिळाले नाही म्हणून सावकार, नंतर माफीच्या यादीत नाव नाही म्हणून पुन्हा सावकार. या फेऱ्यात अडकलेली घरे आम्ही मराठवाड्यात पुष्कळ पाहिली आहेत.

आधी सरकारी पीक कर्ज चालते कसे ते बघू. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे कर्ज शेतकऱ्याला 7 टक्क्यांनी मिळते. त्यासाठी केंद्र बँकेला दीड टक्का भरून देते. मुदतीत फेडले तर केंद्राकडून आणखी 3 टक्के सूट मिळते. उरलेल्याचा भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते, म्हणून महाराष्ट्रात वेळेवर फेडणाऱ्याला हे कर्ज शून्य टक्क्याने पडते. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा 5 लाख करण्याची घोषणा झाली होती. पण मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने 2025-26 साठी योजना पुढे चालू ठेवली तेव्हा आकडा 3 लाखांचाच राहिला. घोषणा आणि आदेश यांच्यात किती अंतर असते ते इथेच कळते.

या सगळ्यात ‘मुदतीत’ हा शब्द महत्त्वाचा. मुदत चुकली की 3 टक्के जातात, राज्याची सवलत जाते आणि पुढे बँकेचा नेहमीचा दर लागतो. एक लाखाच्या कर्जावर 7 टक्के धरले तरी वर्षाचे 7,000 रुपये होतात. दोन हंगाम थकले की खाते एनपीए, आणि मग नवीन कर्ज बंद.

आता यात माफीची आशा मिसळा. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने जाहीरनाम्यात कर्जमाफीचे वचन दिले. मार्च 2025 च्या अखेरीस अर्थखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी बारामतीत सांगितले की सध्या ते शक्य नाही, 31 मार्चपर्यंत हप्ते भरा. सात महिन्यांनी पुन्हा नवी तारीख मिळाली. शेतकऱ्याने काय समजायचे? ज्याच्या हातात पैसा होता त्यानेही थांबून बघितले, यात त्याला दोष देता येत नाही. कारण मागचा अनुभव त्याला हेच शिकवतो.

2019 ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आठवा. 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेले आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकलेले, व्याजासह 2 लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले. ज्याची थकबाकी 2 लाख 10 हजार, तो बाहेर. ज्याने बायकोचे दागिने मोडून मार्चमध्ये कर्ज फेडले, तोही बाहेर. नियमित फेडणाऱ्यांना 50,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन देऊ असे सांगितले गेले, पण ते पैसे खात्यावर पडायला 2022 ची दिवाळी उजाडली. त्याआधी 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत मर्यादा दीड लाखाची होती, ती कुटुंबाला मिळून. नवरा-बायको दोघांची खाती असली तरी घर एकच धरले. दीड लाखाच्या वरची रक्कम आधी भरा, मग माफी, अशी अट होती. आणि 2008 ला केंद्राने पूर्ण माफी दिली ती 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन 3 हेक्टर, पण पिकणार पोटापुरते, तो मोठा शेतकरी ठरला. तिन्ही वेळा अटी कागदावर साध्या दिसत होत्या, आणि तिन्ही वेळा खरे गरजू काठावरच राहिले.

सप्टेंबर 2025 च्या पुराने यात आणखी एक गुंता केला आहे. सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यासोबत बाधित तालुक्यांत वसुलीला स्थगिती आणि कर्जाचे पुनर्गठन या सवलतीही दिल्या. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, हे बँकेत कोणी समजावून सांगत नाही. तुमचे एका वर्षाचे पीक कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बदलते. साधारण नियमाने व्याजाची सवलत त्यावर पहिल्या वर्षापुरती असते, पुढे नेहमीचा दर. सही करण्याआधी एवढे विचारून घ्या. येणाऱ्या माफीत पुनर्गठित खाते धरणार की वगळणार, हा प्रश्न त्या समितीपुढे ठेवलाच पाहिजे.

आता हमीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

सरकार हमी देते, पण ती बँकेला देते. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने गोदाम पावतीवरच्या कर्जासाठी 1,000 कोटींचा हमी निधी सुरू केला. शेतकऱ्याने सोयाबीन किंवा हरभरा नोंदणीकृत गोदामात ठेवायचा, त्याची इलेक्ट्रॉनिक पावती घ्यायची, त्या पावतीवर बँकेने कर्ज द्यायचे आणि ते बुडाले तर त्यातला मोठा वाटा निधीने भरायचा. कल्पना चांगली आहे. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आणि काढणीच्या वेळी बाजारात त्याहून कितीतरी कमी. अशा वेळी माल चार महिने थांबवता आला तर फरक पडतो. आपल्या राज्यात पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तर 1990-91 पासून आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्के रक्कम 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी बाजार समितीतून मिळते. पण ज्याने खत-बियाणे दुकानातून उधार आणले त्याचा माल गोदामापर्यंत पोहोचतच नाही. खळ्यावरून थेट त्याच व्यापाऱ्याच्या टेम्पोत जातो.

दुसरीकडे, 2024 मध्ये राज्याच्या हमीवर राष्ट्रीय सहकारी विकास निगमाकडून सहकारी साखर कारखान्यांना शेकडो कोटींचे कर्ज मिळाले. कारखाने जगावेत, ऊस उत्पादकाची बिले निघावीत, याला आमचा विरोध नाही. पण कारखान्यासाठी राज्याची सही चालते आणि दोन एकरवाल्याला मात्र दोन जामीनदार आणायला सांगतात, हे बघून हसावे की रडावे कळत नाही. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेती कर्जाची मर्यादा 1 लाख 60 हजारांवरून 2 लाख केली आहे. म्हणजे 2 लाखांपर्यंत ना जमीन गहाण, ना जामीन. सिबिलचा आग्रह धरू नका असे मुख्यमंत्र्यांनी मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. तरी शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न काय येतो? "सातबारा आणलाय? बाकीच्या खातेदारांची संमती?"

तारण नको, पण सातबारा हवा, कारण जमीन कोण कसतो हे बँकेला त्याच कागदावरून कळते. आमच्या ओळखीतल्या एका घराचे सांगतो. परभणीकडचे घर, साडेचार एकर. दादा वारले, मग अब्बाही वारले, पण सातबाऱ्यावर अजून दादांचेच नाव. चार भाऊ, तीन बहिणी. शेत कसतो एकटा मधला भाऊ. एक पुण्यात गॅरेजात, एक आखातात, बहिणी आपापल्या सासरी. बँकेने सगळ्यांच्या सह्या मागितल्या. आखातातल्या भावाची सही येईपर्यंत पेरणी उरकली होती. मधल्याने दुकानातून उधारीवर बियाणे उचलले. या घराचे बँकेत कर्जच नाही, तेव्हा माफी 2 लाखांची होवो की 3 लाखांची, यांना त्यातून एक रुपया मिळणार नाही. आणि गंमत म्हणजे सरकारी आकड्यात हे घर ‘कर्ज नसलेले’ म्हणून मोजले जाईल.

वारस नोंदीत आपल्याकडे संकोचही आड येतो. बहिणींची नावे लागली की वाटणी मागतील, म्हणून विषयच काढायचा नाही. शरीयतने दिलेला हिस्सा तोंडाने कबूल आणि कागदावर टाळायचा, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे. व्यवहारापुरते बोलायचे तर नोंद टाळून भावाचेही भले होत नाही, हे वरच्या घरात दिसलेच. 2025 मध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीही माफ केली. संधी होती आणि अजून आहे.

बटईने शेती करणाऱ्यांचे काय? किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत बटईदार, तोंडी कराराने कसणारे, सगळे पात्र आहेत. पण मालक लिहून देत नाही, कूळ लागेल ही भीती त्याच्या मनात 1948 च्या कायद्यापासून बसलेली आहे. यावर वाट आहे ती संयुक्त देयता गटाची. 4 ते 10 जणांनी मिळून गट करायचा, एकमेकांची जबाबदारी घ्यायची आणि गटाच्या नावावर कर्ज काढायचे. बचत गटाचा अनुभव असलेल्या आपल्या बायकांना हे नवीन नाही. बँकांना मात्र त्याची आठवण करून द्यावी लागते.

मराठवाड्यात आणखी एक वर्ग आहे, खिदमतमाश जमिनी कसणारा. सातबाऱ्यावर दर्ग्याचे किंवा मशिदीचे नाव, कसणारे मुजावर किंवा मुल्लांचे घर, पिढ्यान्पिढ्या. ही जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वक्फची मिळकत अशीच राखली पाहिजे. पण 2 लाखांपर्यंत गहाण लागतच नसेल तर कसणाऱ्याच्या उभ्या पिकावर कर्ज द्यायला अडचण कोणती? वक्फ मंडळाने कसणाऱ्याला वर्षावर्षाचा साधा दाखला दिला तरी बँकेला धरायला कागद मिळेल. आमच्या मते समाजातल्या संघटनांनी सगळ्यात आधी धरावा असा हा मुद्दा आहे.

राहिला सूदचा मसला. अनेक दीनदार घरे व्याजामुळे बँकेच्या दारात जात नाहीत, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. वेळेवर फेडल्यास शेतकऱ्याच्या खिशातून व्याज जात नाही, पण करारात ते लिहिलेले असते आणि दुसरा कोणी ते भरतो. अशा कर्जाचा हुकूम काय, हे उलमांनाच विचारावे, आम्ही त्यात पडत नाही. फक्त बँकेचा मसला विचारायला जाताना दुकानाची उधारीही सोबत विचारा. तीच खताची गोणी रोखीने एका भावाला आणि उधारीने दुसऱ्या भावाला मिळते. वर माल त्यालाच घालायचा, तो सांगेल त्या दराने. कागदावर व्याज कुठेच नाही म्हणून ते घर निश्चिंत असते, आणि हंगामाअखेर बँकेच्या 7 टक्क्यांपेक्षा जास्त देऊन बसते. ज्या गावात जमातीकडे थोडाफार पैसा जमतो तिथे पेरणीपुरते कर्ज-ए-हसना देता येईल का, याचा विचार मे महिन्यात नव्हे, आत्ता करायला हवा.

परदेशी समितीकडे निवेदने जात आहेत. त्यात फक्त ‘सरसकट माफी करा’ एवढे लिहून भागणार नाही. थकबाकीची तारीख कोणती धरणार, मर्यादेच्या वर थोडेसे गेलेल्याला पूर्ण बाहेर काढणार का, नियमित फेडणाऱ्याला त्याच दिवशी काय देणार, पुनर्गठित खात्यांचे काय, हे एकेक विचारले पाहिजे. आणि ज्यांचे बँकेत खातेच नाही त्यांना पुढच्या हंगामात कर्ज कोणत्या कागदावर देणार, हेही.

घरातले काम त्यासाठी थांबायला नको. नव्या हंगामाचे पीक कर्ज एप्रिलपासून वाटायला सुरुवात होते. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर देता येतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे लागतात. फेरफाराच्या नोटिशीचे पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि मध्ये येणाऱ्या सुट्ट्या धरल्या तर अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलेला बरा.