व्हिगोचे सोने

आपल्याकडे जुन्या घरांत ‘गिनी’ म्हणून जपून ठेवलेले नाणे बहुतेक वेळा गिनी नसतेच. १८१७ साली इंग्लंडात गिनीची जागा सॉव्हरिनने घेतली आणि आपण त्यालाही गिनीच म्हणत राहिलो. खऱ्या गिन्यांत मात्र एक अशी आहे, की तिच्यावर एका आरमारी लढाईचे नाव आहे. जहाज नाही, तोफ नाही. राणी ॲनच्या मुखवट्याखाली रोमन लिपीतली फक्त चार अक्षरे : व्हिगो.

ऑक्टोबर १७०२. अमेरिकेतून चांदी घेऊन आलेला स्पेनचा ताफा फ्रेंच युद्धनौकांच्या पहाऱ्यात व्हिगोच्या खाडीत आसऱ्याला थांबला होता. ॲडमिरल रूक याच्या इंग्रज-डच आरमाराने खाडीच्या तोंडचा अडसर फोडला आणि आतली गलबते जाळली किंवा पकडली. लंडनमध्ये जल्लोष झाला. लुटीच्या धातूतून पाडलेल्या नाण्यांवर ‘व्हिगो’ घालावे, असा राणीचा हुकूम सुटला.

टाकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. होय, तोच, सफरचंदवाला! जून १७०३ पर्यंत त्याच्याकडे जमा झाली साडेचार हजार पौंड वजनाची चांदी. आणि सोने? पावणेआठ पौंडही भरले नाही. आपल्या हिशेबाने सुमारे २४५ तोळे. सगळ्याची किंमत त्याने लावली १४,००० पौंड.

एवढ्या गाजावाजानंतर एवढेच? कारण बहुतेक चांदी लढाईपूर्वीच उतरवून आत हलवलेली होती. शिवाय त्या ताफ्यात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांचाही माल होता. हल्ल्याचा सूड म्हणून स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने त्यांची चांदी जप्त केली. एकंदर त्याच्या पदरात जवळजवळ ७० लाख पेसो पडले. हरलेल्याची तिजोरी भरली आणि जिंकलेल्याने नाणे पाडले!

पाच गिन्यांचे ते नाणे साडेतीन तोळ्यांचे. आज माहीत असलेली जेमतेम पंधरा-वीस. त्याला मोल आहे ते या दुर्मिळपणामुळे आणि या कथेमुळे.

हे सांगण्याचे कारण, आज लढायांची सोन्याची स्मृतिनाणी निघतात ती संग्राहकांसाठीच. ट्रफाल्गरच्या द्विशताब्दीला, २००५ साली, ब्रिटिश टाकसाळीने सोन्यातही नाणी काढली : वजन ३९.९४ ग्रॅम, दर्शनी किंमत पाच पौंड. आता पाच पौंडांना ते कोण खर्चणार? अशी नाणी मखमली डबीतून येतात, सोबत प्रमाणपत्र असते आणि सोन्याच्या भावावर वरकड पैसे मोजावे लागतात. हौस असेल तर जरूर घ्यावीत. पण मुलीच्या लग्नाची तरतूद म्हणून कोणी घेत असेल, तर त्याने विकायच्या दिवसाचा विचार आधी करावा. सोनाराच्या तराजूला ट्रफाल्गर कळत नाही. तो फक्त सोने तोलतो.

आणि माझी एक तक्रार आहे. त्या प्रमाणपत्रावर वजन असते, कस असतो, अनुक्रमांक असतो. लढाईत कोणी काय गमावले, हे सहसा नसते. न्यूटनच्या हिशेबासारखा एक कोरडा कागद डबीत घालायला टाकसाळींना कितीसा खर्च येणार आहे?