खाडे आणि सूर्यास्त

अहिल्यानगरचा व्यापारी नमुना पाहिल्याशिवाय धान्याचे पोते घेत नाही. मुलगा पुण्यास शिकायला निघाला, की मात्र सवलतीपोटी मेसचे सहा महिन्यांचे पैसे एकदम भरतो. पुण्यात जुलैच्या आरंभी सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, डिसेंबरात सहाच्या. त्यामुळे साडेसहाला वाढणारी मेस चौविहार पाळणाऱ्यास पावसाळ्यात चालते, हिवाळ्यात नाही. मग पैसे दोन वेळांचे आणि जेवण एकच. मुलाने उपाशी झोपावे किंवा नियम मोडावा. म्हणून आधीच विचारावे : सूर्यास्तापूर्वी डबा मिळेल का? कंदमुळे न घालता भाजी वेगळी शिजते का? उपवासाचे व सुट्टीचे खाडे वजा होतात का? पहिले सत्र महिन्याच्या दरानेच काढावे. सवलत बुडेल, पण दिवस लहान होताच मेस बदलण्याची मोकळीक मुलापाशी राहील.