बर्ड फ्लू : दोष पाखरांचा की बाजाराचा?

कंधार, लोहा, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यात कोंबडीच्या धंद्यावर पोट असलेले आपले बांधव पुष्कळ आहेत. कुणाचे चिकनचे दुकान आहे, तर कुणी आठवडी बाजारात गावरान कोंबड्या घेऊन बसतो. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात लोहा तालुक्यातील किवळा येथे कोंबडीची पिले मेली. तेथेही हाच रोग. अशी बातमी आली की गिऱ्हाईक पाठ फिरवते. ज्याचा माल निरोगी, त्याचेही दुकान ओस पडते.

मग दोष कुणाचा? कुणी तलावावर उतरणाऱ्या परदेशी बदकांकडे बोट दाखवतो, कुणी चिकनवाल्याकडे. आमच्या मते हा निवाडा अफवेने नव्हे, पुराव्याने व्हावा. तो पुरावा विषाणूच्या जनुकांत असतो.

या विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात. एकाच पाखरात दोन जातींचे विषाणू शिरले, तर दोन दुकानांच्या वह्यांची पाने मिसळावीत तसे हे तुकडे मिसळतात. कोणते पान कोणत्या वहीचे, हे शास्त्रज्ञ ओळखतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०१० मध्ये एका रानटी पाणपक्ष्यातील एच ११ एन १ विषाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात युरोप-आशियाच्या व अमेरिकेच्या अशा दोन्ही घराण्यांची जनुके एकत्र आढळली. पाखरांना सरहद्द नसते, हे यावरून दिसते.

२००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानटी पक्षी मेले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला साथ आली. तो विषाणू चिंगहाईच्याच कुळातला होता. पण कूळ कळले म्हणजे वाट कळली असे नाही. रोग पाखरांच्या विष्ठेतून येतो, तसाच आजारी कोंबड्या, न धुतलेले पिंजरे आणि गाड्यांची चाके यांतूनही पसरतो. शिवाय एच ५ व एच ७ या जातींचे सौम्य विषाणू कोंबड्यांच्या दाटीत शिरले की कधीकधी मारक होतात. सबब सगळा दोष पाखरांवर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की तपासणीला घाबरू नका. मेलेली कोंबडी लपवाल तर चार दिवसांचा गल्ला वाचेल, पण साऱ्या बाजाराची पत जाईल. स्वस्त मिळते म्हणून आजारी माल घेऊ नका. पिंजरे रोज धुवा, बदके व कोंबड्या एकत्र कोंडू नका. पाखरे मरू लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्यास लगेच कळवा. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू जगत नाही, हेही गिऱ्हाईकाला सांगा.

सरकारलाही दोन शब्द. नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई पाळणाऱ्याला मिळते. बंद दुकानाचा हिशेब कोण ठेवतो? निदान तपासणीचा निकाल तरी तालुक्याच्या बाजारात मराठीत व उर्दूत तत्काळ जाहीर व्हावा. कोणत्या गावात रोग आहे आणि कोणत्या गावात नाही, हे गिऱ्हाईकाला कळले तर निर्दोष दुकानदाराची रोजी वाचेल.