खोली खोटं बोलते

तर झालं असं की, गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून पुण्याहून कवठे महांकाळला गेलो. आजोळ आमचं. शनिवारी सकाळी चहा हातात पडायच्या आत मामेभाऊ म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर हाईस न्हवं? मग आमच्या खोलीवर चल. स्पीकर नीट वाजंनात."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण गावाकडे इंजिनिअर म्हणजे मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. नाही म्हणायची सोय नाही. शिवाय गाणं ऐकणं हा माझा जुना रोग, आणि होम स्टुडिओच्या नादात मी पुण्यात बरेच पैसे घालवून बसलोय. म्हणजे चुका करण्याचा अनुभव भरपूर.

खोली म्हणजे एका द्राक्षबागायतदाराची रिकामी पडलेली जागा. भाडं तिघांत वाटलेलं: मामांचं भजनी मंडळ, एक बेंजो पार्टी आणि भावाचा कॉलेजच्या पोरांचा बँड. तिघांनी वर्गणी काढून स्टुडिओ मॉनिटरची जोडी आणली होती, 5 इंची वूफरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातला स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. मॉनिटरचं काम उलटं. जे रेकॉर्ड झालंय ते जसंच्या तसं दाखवायचं, चुकांसकट. आपल्या भाषेत डीबगर म्हणा.

पोरांनी ही जोडी भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, छताजवळच्या मांडणीवर बसवली होती. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. मंडळी बसायची समोरच्या भिंतीला टेकून, गादीवर. बँडच्या पोरांचं म्हणणं, स्पीकर छोटे पडतात, सबवूफर घेऊ, म्हणजे अजून वर्गणी. बेंजोवाल्यांचं म्हणणं, आवाज वाढवा, होईल सगळं ठीक. मामा मात्र काहीच बोलत नव्हते.

घरी येताना रस्त्यात मामा म्हणाले, "परवा माझाच अभंग लावला पोरांनी. नुसतं धुम्म धुम्म. माझा आवाज कुठं हाय कळंना. गळा गेला रं आता. पुढच्या एकादशीपास्नं दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं म्हंतो."

चाळीस वर्षं गाणारा माणूस एका खोलीचं ऐकून गाणं सोडायला निघाला होता. मग मात्र मी टेप घेऊन कामाला लागलो.

खोलीची मापं: लांबी 12 फूट, रुंदी 10, उंची 10. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 344 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट बरोब्बर अर्धी मावते, ती तिथे घुमते. म्हणजे वेग भागिले अंतराची दुप्पट. गणित केलं तर लांबीसाठी 47 हर्ट्झ, रुंदीसाठी 56 आणि उंचीसाठी पुन्हा 56! दोन बाजू सारख्या असल्या की दोघींचा घुमारा एकाच स्वरावर पडतो. आणि हे घुमारे सर्वात जोरात कुठे असतात? भिंतींना लागून आणि कोपऱ्यांत. स्पीकर कोपऱ्यात, ऐकणारा भिंतीला टेकून. म्हणजे पखवाजाचा धूम दोन्हीकडून फुगवायची चोख व्यवस्था. त्यात मोठा खर्जातला आवाज वरच्या आवाजांना झाकून टाकतो. मामांचा गळा गेला नव्हता, गाडला गेला होता.

आणि अंड्यांचे ट्रे? मंडळी, हा गैरसमज पुण्यातही तितकाच आहे. कागदी लगद्याचा पातळ ट्रे वरच्या पट्टीतला आवाज थोडाफार विखुरतो. बास त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज तर त्याने अजिबात अडत नाही. त्याला वजनदार भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं.

मग आम्ही काय केलं? मांडणीवरून स्पीकर खाली घेतले आणि 10 फुटी भिंतीसमोर, तोंड लांबीच्या दिशेने करून ठेवले. कोन भिंतीपासून साधारण 1 फूट पुढे. दोघांत अंतर 4 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना 3-3 फूट उरले. ऐकण्याची जागा समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. हा लांबीच्या 38 टक्क्यांचा ठोकताळा आहे. खोलीच्या बरोब्बर मध्यावर बसलात तर 47 हर्ट्झ जवळजवळ गायबच होतो. दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण झाला.

आता प्रश्न उंचीचा. ट्विटर कानाच्या पातळीत हवा. पोरं खुर्चीवर बसणार, भजनी मंडळ मांडी घालून. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की वाजवताना कुणी कसंही बसा, पण ऐकताना सगळ्यांनी खालीच बसायचं. विटांचे पावणेदोन फुटांचे दोन चौथरे रचले, वर रबराचा तुकडा.

मग आरसा. मी जागेवर बसलो, भाऊ बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत गेला. जिथे आरशात स्पीकर दिसला, तिथून आवाज उडून कानावर येतो. तिथे जाड दुमडलेली घोंगडी भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली. लोकर ही आवाज शोषणारी उत्तम वस्तू, आणि आमच्या भागात घोंगड्यांना काय तोटा! स्पीकरमागेही एक गेली. कोपऱ्यांत जुन्या गाद्या आणि मामींच्या वाकळा उभ्या केल्या. खरं सांगायचं तर 47 हर्ट्झ वाकळीला भीक घालत नाही. तिथे जागा बदलणं हाच उपाय. पण ढोलकीच्या वरचा गोंगाट बराच बसला. स्पीकरच्या मागे बास कमी करायचा स्विच होता, तोही एक घर खाली आणला. एकूण खर्च: चहा-भजी.

भावाने विचारलं, "हे सगळं कशाला? मोबाईलवर ॲप टाकून इक्वलायझर लावला तर?" सॉफ्टवेअरवाल्याला हा मोह सगळ्यात आधी होतो. पण जिथे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, तिथे इक्वलायझरने आवाज वाढवला की खाणाऱ्या लाटाही तितक्याच वाढतात. खड्डा भरत नाही. शिवाय ती दुरुस्ती एका डोक्याच्या एका जागेपुरती. शेजारी बसलेल्याला दुसरंच काहीतरी ऐकू येणार. सामायिक खोलीत हे कसं चालेल?

माझं मत इतकंच आहे: सामायिक खोलीत पैसे स्पीकरवर घालायच्या आधी खोलीवर आणि शिस्तीवर घाला. 5 इंची स्पीकर खर्जात कमी पडतो हे मान्य. पण या खोलीत सबवूफर आणणं म्हणजे आधीच घुमणाऱ्या घागरीत ढोल वाजवणं. यामाहाचा एनएस-10 हा स्पीकर 1978 साली घरगुती म्हणून बाजारात आला. त्यात बास तोकडा आणि आवाज कर्कश, तरी जगभरच्या स्टुडिओंनी तो वर्षानुवर्षं वापरला. ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवून वापरला! कारण लोकांना तो पाठ झाला होता.

आवाज वाढवा म्हणणाऱ्या बेंजोवाल्या पोरांनाही सांगितलं. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबल 8 तास, ही अमेरिकेतल्या नायोश संस्थेची मर्यादा. पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. कानाला बॅकअप नसतो.

आणि हे सगळं आपल्याला नवीन आहे का? तासाभरावर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून तिथे सतारी-तंबोरे बनतायत. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तिथला कारागीर जवारी काढताना काय करतो? तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. एका जागी तंबोरा एकदम बोलायला लागतो. आम्ही त्या दिवशी विटा सरकवत होतो, एवढाच फरक.

रविवारी संध्याकाळी तोच अभंग लावला. मामा मांडी घालून, डोळे मिटून बसले. पखवाज बाजूला झाला आणि गळा समोर आला. थोडा खरखरीत, पण शाबूत. अंतऱ्यात वरच्या षड्जाला मात्र स्वर जरासा उतरत होता. आता तेही लपलं नाही. आम्ही सगळे गप्प.

मामांनी डोळे उघडले. "वर जरा कमी पडतोय," म्हणाले. मग पेटीवाल्याकडे वळून, "काळी दोन सोडू. एकात गातो." एकादशीला मामाच उभे राहिले.

निघताना भावाने विटांभोवती आणि बसायच्या जागेभोवती जमिनीवर लाल चिकटपट्टीने चौकोन आखून घेतले. दारावर सूचना लावली: "स्पीकर हलवायचे असतील तर तिघांना विचारा." सबवूफरची वर्गणी सध्या बारगळलीय. पुण्यात परतल्यावर मी माझ्या खोलीत टेप लावली. माझेही स्पीकर कोपऱ्यातच निघाले. असो!