विश्लेषण : बँकांचा पत्ता बदलला, जुन्या पत्त्याचे काय?

विक्रोळीच्या टागोरनगरातील किंवा पार्कसाइटमधील खातेदाराने बँकेचे संकेतस्थळ उघडले की आता ओळखीच्या ‘.कॉम’ऐवजी ‘.बँक.इन’ दिसते. अनेकांना यातच फसवणुकीची शंका येते. प्रत्यक्षात हा बदल फसवणूक रोखण्यासाठीच आहे. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरणासोबत त्याची घोषणा केली आणि स्थलांतरासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली.

नवे नाव कोण देते?

‘.कॉम’ नाव कोणीही घरबसल्या विकत घेऊ शकतो. ‘.बँक.इन’ची नोंदणी मात्र केवळ हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेमार्फत होते आणि ती बँकांनाच मिळते. बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी ‘.फिन.इन’ योजले आहे. विक्रोळीत मुख्यालय असलेली गोदरेज कॅपिटल याच वर्गातली.

स्थलांतर म्हणजे नेमके काय?

डोमेन हे नाव, तर डीएनएस ही त्या नावापुढे सर्व्हरचा क्रमांक लिहिलेली वही. नव्या नावाची वही नव्याने भरावी लागते. संकेतस्थळाची नोंद सहसा कोणी विसरत नाही, चूक होते ती ईमेलच्या नोंदींत. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी राहिल्या, तर बँकेचे खरे विवरणपत्र स्पॅममध्ये जाते आणि बँकेच्या नावाने खोटे पत्र पाठवणाऱ्याचे फावते. शिवाय डीएनएसमधील उत्तरे इंटरनेट कंपन्या काही काळ साठवून ठेवतात. हा काळ, म्हणजे ‘टीटीएल’, आधी कमी केला नाही तर सेवादार बदलल्यावर काही ग्राहक जुन्याच सर्व्हरवर पोहोचत राहतात. म्हणूनच जुना सेवादार त्याच दिवशी बंद करायचा नसतो.

जुने नाव सोडून दिले तर?

खरी जोखीम इथे आहे. नूतनीकरण न झालेले डोमेन ठरावीक मुदतीनंतर पुन्हा विक्रीला येते. ते भामट्याने घेतले तर जुन्या पासबुकांवर, पत्रांवर छापलेला पत्ता त्याच्या हाती जातो आणि त्या पत्त्यावर येणारे ईमेलही. लहान सहकारी बँकांना हा धोका अधिक. संकेतस्थळ बनवणाऱ्या कंत्राटदारानेच स्वतःच्या नावावर डोमेन घेतले असेल, तर बँकेला नूतनीकरणाची सूचनाही येत नाही. जुने नाव वर्षानुवर्षे भाडे भरून राखणे आणि तिथून नव्या पत्त्याकडे वळवणे, एवढा खर्च बँकांनी सोसायलाच हवा. तो फार मोठा नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

‘एसबीआय.बँक.इन’ खरे. मात्र टिंबाऐवजी आडवी रेघ असलेले ‘एसबीआय-बँक.इन’ हे साधे ‘.इन’ नाव आहे, त्याला बँकांपुरते बंधन नाही. ‘.बँक.इन’नंतर तिरपी रेघ चालते. आणखी टिंब आणि नाव असेल तर पान बंद करावे. पैसे गेलेच तर तात्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.