पिवळ्या खोल्या आणि एक लाख युरोंची वर्गणी

बारावीतला भाचा मोबाईलमध्ये डोके घालून बसला म्हणून आम्ही त्याला रागावलो. त्याने मोबाईल आमच्याच हातात दिला. म्हणाला, "मामा, नऊ मिनिटे बघा, मग बोला."

बघितले. नुसत्या रिकाम्या खोल्या. भिंतीला पिवळा कागद, खाली गालिचा, वर ट्यूबलाईटची घूंघूं. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. बाहेर पडायला वाट नाही. पुढे काहीतरी काळे, काटकुळे मागे धावत येते, पण खरी भीती त्या खोल्यांचीच. ना स्मशान, ना मांत्रिक. कार्यालय सुटल्यावर एकट्याने बसून हिशेब जुळवलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

हे काम अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या केन पार्सन्स या मुलाचे. जन्म २००५ चा. जानेवारी २०२२ मध्ये त्याने ही फिल्म यूट्यूबवर टाकली, तेव्हा वय सोळा! त्या खोल्या कुठे बांधलेल्या नाहीत, साऱ्या संगणकावर उभ्या केलेल्या आहेत. चित्र मात्र १९९६ सालच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतल्यासारखे धूसर. त्यात हुशारी आहे. चित्र खराब असले की संगणकाची लबाडी डोळ्यांना दिसत नाही. पोराच्या जन्माआधीचा तो कॅमेरा, पण आमच्या पिढीने लग्नाच्या कॅसेटीत बघितलेला.

मूळ कल्पना त्याची नव्हे. २०१९ मध्ये अनामिक लोकांनी इंटरनेटवर एक फोटो आणि चार ओळी टाकल्या होत्या, 'बॅकरूम्स' नावाने. फोटो कुठला, याचा शोध लोकांना २०२४ मध्ये लागला. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश गावी फर्निचरच्या जुन्या दुकानाची दुरुस्ती चालू असताना २००२ मध्ये तो काढलेला होता. कल्पना रस्त्यावर पडलेली होती; कष्ट या मुलाने केले. पुढे मालिका झाली, कोट्यवधी लोकांनी बघितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एट्वेंटीफोर या कंपनीने मोठा चित्रपट जाहीर केला, दिग्दर्शक हाच सतरा वर्षांचा मुलगा. निर्मात्यांत जेम्स वॅन. २०२५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला चित्रीकरण झाले. चिवेटेल एजिओफोरसारखा नावाजलेला नट या पोराच्या सूचनेप्रमाणे उभा राहिला.

आता आम्ही पडलो बी.कॉम. पैसा कुठून आला हे बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. खोल्या उभ्या केल्या ते सॉफ्टवेअर म्हणजे ब्लेंडर. ते फुकट मिळते. का मिळते, ते ऐकण्यासारखे आहे. ते बनवणारी हॉलंडमधील कंपनी २००२ मध्ये बंद पडली. टॉन रूसेंडाल या गृहस्थांनी गुंतवणूकदारांना विचारले, हे सर्वांसाठी मोकळे करायला काय घ्याल? आकडा ठरला एक लाख युरो. लोकांकडून वर्गणी काढली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली! वर्गणी देणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते की अजून जन्मालाही न आलेला एक मुलगा त्यावर सिनेमा करील. मुलाने आणखी एक सॉफ्टवेअर वापरले, ते मात्र विकतचे. घरी संगणक होता, हेही विसरून चालणार नाही.

आमच्या भाच्याकडे तो नाही. दाजी रात्रपाळीला जातात, दिवसा झोपतात, खोली एकच. मोबाईलवर ब्लेंडरचे काम होत नाही.

वस्तीच्या वाचनालयात एक संगणक आहे. त्यावर पावत्यांचा हिशेब राहतो आणि संध्याकाळी सातनंतर त्यावर कापड पडते. सातनंतर तो पोराला द्यावा, असा अर्ज आम्ही कमिटीकडे करणार आहोत. कमिटीतले दोघे नक्की म्हणतील, बारावीचे वर्ष आणि सिनेमा कसला? त्यांच्या हातात आधी मोबाईल देऊ. नऊच मिनिटे आहेत.